प्रश्न अब्रूचा नाही, संमतीचा आहे

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय ‘मोबाईल, इंटरनेट आणि स्त्रिया’ असा आहे. विषय इतका मोठा आहे की त्यात बचतगटाच्या हिशेबापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत काहीही मावेल. मी त्यातला एकच धागा घेणार आहे, तो म्हणजे बाईचा फोटो. तिला न विचारता काढलेला, तिच्या मर्जीनं काढलेला पण मर्जीविरुद्ध पसरवलेला, आणि तिसरा, कधी काढलाच नव्हता असा, यंत्रानं बनवलेला. या तिन्ही प्रकारांत बाईवर अन्याय होतो हे इथं बसलेल्या सगळ्याजणी मान्य करतील. पण तो अन्याय नेमका कसला, हे सांगायची वेळ आली की आपण पटकन ‘अब्रू’ हा शब्द वापरतो. तो शब्द आपल्याला महागात पडतोय, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आमच्या सल्ला केंद्रात पूर्वी मारहाण, हुंडा, पोटगी, नवऱ्याचं दुसरं लग्न अशा तक्रारी यायच्या. त्या आजही येतात. पण गेली काही वर्षं त्यांच्या जोडीला आणखी एक तक्रार येते आणि ती घेऊन येणारी बाई बहुधा एकटी येते, घरी न सांगता. एकीचा पूर्वीचा मित्र म्हणतो, परत बोलायला लाग, नाहीतर फोटो तुझ्या भावाला पाठवतो. दुसरीचा नवराच, पोटगीचा दावा मागं घे म्हणून, लग्नानंतरचे व्हिडिओ पुढं करतो. तिसरीनं मोबाईलवरच्या एका ॲपवरून थोडं कर्ज घेतलेलं असतं. हप्ता थकला तसा वसुलीवाल्यांनी तिचा साडीतला साधा फोटो उचलून चेहरा कुणाच्या तरी उघड्या देहावर चिकटवला आणि तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर पाठवून दिला.

तक्रारी वेगवेगळ्या, पण घरात कळलं की पहिला प्रश्न एकच असतो: ‘तू फोटो काढलासच कशाला?’ ठाण्यावर गेलं तर तिथंही तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत. पाठवलास कशाला, ठेवलास कशाला, खातं उघडलंस कशाला. ज्यानं धमकी दिली त्याला ‘तू पसरवलास कशाला’ असं विचारायची पाळी फार उशिरा येते, आणि तोवर बाई दमून गेलेली असते.

हा प्रश्न मोबाईलबरोबर आलेला नाही. आपल्या चळवळीतल्या जुन्या मैत्रिणी तो चांगला ओळखतात. १९७२ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी दोघे पोलीस होते. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी धरलं आणि म्हटलं की भीतीनं निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली तो निकाल फिरवला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तेव्हा तिनं विरोध केला असं दिसत नाही, असा त्यांचा हिशेब होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. शरणागती आणि संमती यांतला फरक न्यायालयाला कळू नये काय, असा त्या पत्राचा रोख होता. त्यातून देशभर मोर्चे निघाले, संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या मुलीचं नाव तुम्हाला माहीत आहे. मी ते घेत नाही, कारण पीडितेची ओळख छापू नये ही तरतूदसुद्धा त्याच १९८३ च्या बदलातून आली, आणि माझ्या आजच्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे.

‘फोटो तिनंच पाठवला होता’ हे वाक्य त्या १९७८ च्या हिशेबाचंच भावंडं आहे. बाईनं एकदा, एकाला, एका गोष्टीसाठी ‘हो’ म्हटलं, की ते सगळ्यांना, सगळ्यासाठी, कायमचं ‘हो’ झालं असं त्यात धरून चाललेलं असतं. शेजारणीकडे आपण घराची किल्ली ठेवतो. म्हणून तिनं आळीतल्या लोकांना आत नेऊन आपली कपाटं उघडून दाखवावीत असा त्याचा अर्थ कुणी करत नाही. फोटोच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं तो अर्थ करतात.

कायद्यानं ही गोष्ट मान्य केलेली आहे, हे आपल्यापैकी अनेकींना माहीत नसतं. २०१३ साली फौजदारी कायद्यात जे बदल झाले, त्यांत भारतीय दंड संहितेत ३५४ क हे कलम आलं. बाई तिच्या खाजगीपणात असताना तिला चोरून बघणं, तिचं चित्रण करणं, ते पसरवणं हा गुन्हा ठरला. त्या कलमाखाली एक खुलासा आहे: चित्रण करायला बाईची संमती असली, पण ते तिसऱ्या माणसाला दाखवायला नसली, आणि तरी ते पसरवलं, तर पसरवणं हा गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलम ७७ आहे. खुलासा तसाच आहे. ‘तिनंच पाठवला होता’ या वाक्याला दिलेलं हे कायदेशीर उत्तर आहे. ते पाठ करा आणि ठाण्यावर जाताना बरोबर न्या.

पण याच कायद्याच्या घरात दुसरी एक खोली आहे, आणि तिथली मोजपट्टी वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आणि ६७ अ. ही कलमं विचारतात, मजकूर अश्लील आहे का? त्यात उघड लैंगिक कृती आहे का? तो पाठवायला कुणाची संमती होती, हा प्रश्न ही कलमं विचारतच नाहीत. जो कुणी असा मजकूर पाठवेल तो दोषी, असे त्यांचे शब्द आहेत. म्हणजे विश्वासानं जोडीदाराला फोटो पाठवणारी बाई आणि तो गावभर पसरवणारा पुरुष हे या शब्दांत एकाच रांगेत उभे राहतात. धमकी देणारे हे जाणतात. ‘जा तक्रार कर, तूच आत जाशील’ असं म्हणताना आम्ही त्यांना स्वतः ऐकलं आहे.

अश्लीलतेची ही मोजपट्टी काही अंशी आपल्याही ओळखीची आहे. ऐंशीच्या दशकात सिनेमाच्या पोस्टरांवर डांबर फासायला आपल्यातल्याच बाया गेल्या होत्या. त्या संतापातून १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा आला. बाईचं बाजारू चित्रण होतं हा राग खरा होता आणि आजही खरा आहे. पण ‘सभ्य’ काय हे ठरवायचा अधिकार एकदा सरकारकडे आणि समाजाच्या पुढाऱ्यांकडे दिला, की तो सर्वात आधी बाईवरच वापरला जातो. तिचा पोशाख, तिचं हसणं, तिचा मोबाईल, सगळं त्या पट्टीनं मोजलं जातं.

शिवाय ही पट्टी अपुरीही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाची ॲप निघाली. मुसलमान स्त्रियांचे, त्यात पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा अनेकजणींचे, त्यांनी स्वतःच समाजमाध्यमांवर ठेवलेले रोजचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात पहिल्या अटका मुंबई पोलिसांनी केल्या, आणि पकडलेल्यांत विशी न ओलांडलेली एक मुलगीही होती. यातला एकही फोटो उघडा असायची गरज नव्हती. डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईचाही लिलाव मांडता येतो. तिथं अश्लीलता शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. बोलणाऱ्या मुसलमान बाईला बाजारात उभं करून गप्प बसवायचं, हा तिथला गुन्हा होता. तो ओळखायचा तर तिला कुणी विचारलं होतं का, आणि तिलाच का निवडलं, हेच विचारावं लागतं.

आता तिसरा प्रकार, यंत्रानं बनवलेला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा खोटा व्हिडिओ सगळीकडे फिरला. दुसऱ्याच एका तरुणीच्या व्हिडिओवर त्यांचा चेहरा बसवलेला होता. याला डीपफेक म्हणतात. मोठमोठ्या लोकांनी निषेध केला, पुढं अटकही झाली, हे चांगलंच झालं. पण मला त्यात एक गोष्ट खटकली. जिचा चेहरा चोरला तिच्याबद्दल सगळे बोलले; जिचं शरीर चोरलं तिच्याबद्दल फार थोडे. तिनं आपला व्हिडिओ आपल्या खात्यावर ठेवला होता, आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं. चर्चा ‘सभ्य अभिनेत्रीची बदनामी’ अशी चालली, तिथं या दुसरीला जागाच उरली नाही. अब्रू ज्याच्या-त्याच्या मानानं लहानमोठी असते. संमती मात्र दोघींची सारखीच मोडली होती.

माझं हे म्हणणं आमच्याच केंद्रातल्या एका जुन्या मैत्रिणीला पटत नाही, आणि तिचा मुद्दा मी टाळणार नाही. ती म्हणते, “ताई, ठाण्यावर ‘संमती’ म्हटलं तर साहेब जांभई देतात. ‘पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे, उद्या तिनं जिवाचं काही केलं तर?’ म्हटलं की पेन उचलतात. मला पोरीचा फोटो आज रात्रीच्या आत काढून घ्यायचा असतो. शब्दांचा काथ्याकूट मी कधी करू?”

तिचं खरं आहे. आणीबाणीच्या रात्री जो शब्द चालेल तो चालवावा लागतो. पण दुसऱ्या दिवशी काय होतं ते आपण दोघींनी मिळून पाहिलेलं आहे. फोटो निघतो, मुलगा माफीनामा लिहून देतो, आणि मुलीचा फोन वडील काढून घेतात. कॉलेज सुटतं. घाईनं स्थळ बघितलं जातं. अब्रू वाचली, मुलगी मात्र घरात कोंडली गेली. कारण अब्रू ही घराची मालमत्ता आहे. ती वाचवायची म्हणजे मालमत्तेवर पहारा बसवायचा, आणि पहारा बसतो तो मुलीवर. वर पुढच्या धमकीवाल्याची सोय होते ती वेगळीच. त्याचा सगळा धंदा घरच्यांच्या या भीतीवर चालतो. ज्या घरात आई मुलीला म्हणते, ‘पसरव म्हणावं, चोर तो आहे, तू नाहीस,’ त्या घरापुढं तो हात टेकतो. अशी घरं थोडी आहेत, पण आम्ही पाहिली आहेत.

पहारा बसवणं हा नुसता घरगुती प्रकार राहिलेला नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज नावाच्या गावानं २०१६ साली अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी केली आणि दंडही ठेवला. मुलांना बंदी नव्हती. आणि मुळात बायांच्या हातात मोबाईल आहेत तरी किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या ५४ टक्केच निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. ज्या दारातून बाई आत्ता कुठं पाऊल टाकते आहे, ते तिच्या रक्षणाच्या नावाखाली बंद करायला सगळे टपलेले आहेत.

‘मग सरकारनं कडक कायदा करावा’ असं आपण लगेच म्हणतो. जरा थांबून पालघर आठवू या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर चार शब्द लिहिले आणि दुसरीनं ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ त्यांच्यावर वापरलं गेलं, आणि त्या घटनेनंतर झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली ते कलमच रद्द केलं. लोकांना उपद्रव होऊ नये म्हणून केलेलं कलम मत मांडणाऱ्या दोन मुलींच्या हातात बेड्या घालायला कामी आलं, हे विसरू नका. आपल्याला कडक कायदा नको आहे असं नाही. पण तो बाईची मर्जी मोडणाऱ्याला पकडणारा हवा, बाईचं तोंड बांधणारा नको.

आता एक अवघड प्रसंग. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ ला जमावानं स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली. १८ मे रोजी तक्रार नोंदली गेली होती. पण १९ जुलैला व्हिडिओ देशभर पसरेपर्यंत एकालाही अटक झाली नाही, आणि पसरल्यावर लगेच झाली. म्हणजे तो व्हिडिओ पसरला नसता तर न्यायाचं चाक हललं नसतं, असं कुणी म्हटलं तर मी त्याला खोडून काढू शकत नाही. तरीही, आपल्यापैकी किती जणींनी तो संतापानं पुढं पाठवला? धिंड काढणाऱ्यांना त्या बायांना लोकांना दाखवायचंच होतं. आपण दाखवली. आपला हेतू चांगला होता, पण त्यांना विचारायला कुणीच गेलं नव्हतं. मला यातून निघालेला नियम असा वाटतो: पुरावा असेल तर तो तपास यंत्रणेकडे, न्यायालयाकडे, विश्वासाच्या पत्रकाराकडे जावा. संताप आपल्या शब्दांत लिहावा, मोर्चा काढावा. बाईचं शरीर पुढं पाठवू नये. आधी सांगितलेली १९८३ ची तरतूद हेच सांगते, आणि आज प्रत्येकीच्या हातात छापखाना असल्यामुळं ती प्रत्येकीला लागू आहे.

संमती हा शब्द वापरायला सोपा आहे असं मात्र मी म्हणत नाही. ‘प्रेम असेल तर पाठव’ म्हणून हट्ट धरल्यावर पाठवलेला फोटो संमतीनं पाठवला का? नवरा फोनचा पासवर्ड मागतो, बायको देते. ही संमती की शरणागती? सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर, रिचार्ज त्याच्या पैशानं, तिथं मर्जी कुणाची? १९७९ च्या पत्रातला फरक इथं पुन्हा घासूनपुसून घ्यावा लागेल. म्हणून तर हा विषय वकिलांवर सोडून चालणार नाही. मुलींशी आणि विशेषतः मुलग्यांशी आपल्यालाच बोलावं लागेल. मुलगा मित्रांच्या ग्रुपवर कुणाचा तरी फोटो आला म्हणून हसतो, तेव्हा तोही त्या पसरवण्यात सामील असतो, हे त्याला घरात कुणी सांगितलेलं नसतं.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. पहिली: बाई तक्रार घेऊन आली की फोटो, धमकीचे मेसेज घाबरून पुसू नयेत. तारीख, वेळ, नंबर, दुवा दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवावेत. दुसरी: हद्दीचं कारण सांगून ठाणं तक्रार नाकारू शकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, पण म्हणून फिर्याद घ्यायला ‘साहेब नाहीत’ हे उत्तर होत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांवरच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. तिसरी: कंपन्यांना सोडू नका. असा मजकूर पीडितेनं कळवल्यावर २४ तासांत उतरवण्याचं बंधन केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी त्यांच्यावर घातलं. तो कृत्रिमरीत्या बनवलेला असला तरीही. मुदतीचे आकडे बदलत राहतील, पण जबाबदारी त्यांची हे तत्त्व आपण सोडायचं नाही. त्याशिवाय ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सोय आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीला आपला फोटो कुणालाही न दाखवता त्याचा एक अंकी ठसा बनवता येतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो अडवतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर हे सगळं बालकांच्या लैंगिक शोषणाच्या कायद्याखाली येतं. तिथं संमतीचा वाद घालायचाच नाही, थेट फिर्याद करायची.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. शिबिराचे, मोर्चाचे, सल्ला केंद्राचे फोटो आपण उत्साहानं ग्रुपवर टाकतो. त्यात एखादी बाई घरी न सांगता आलेली असते, एखादी नवऱ्यापासून लपून राहत असते. आज दुपारच्या सत्रानंतर सामूहिक फोटो आहे. ज्यांना त्यात यायचं नसेल त्यांनी बाजूला थांबावं, आणि त्यांना कारण विचारू नये.